कोकणातली भेग आणि घोडकाठचा दुष्काळ

(इनामगाव येथे स्मृती व्याख्यानमालेचे पुष्प गुंफताना केलेल्या भाषणाचा संस्कारित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते भूगोल शिकवायचे. वली पर्वत, गट पर्वत आणि खचदरी हे तीन शब्द इथल्या तीन पिढ्यांनी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि परीक्षा झाल्यावर विसरून टाकले. आज ते शब्द मी पुन्हा काढणार आहे. सुरुवात मात्र हिमालयापासून करणार नाही. सुरुवात तुमच्या विहिरीपासून करतो.

विहीर खणताना काय काय लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम. मग कुठे मांजऱ्या लागतो, त्याच्या अंगावर पांढऱ्या खड्यांचे ठिपके असतात. मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. आणि मध्येच वीतभर, हातभर तांबड्या मातीचा पट्टा. हा तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधली विश्रांती. एक लाव्हा वाहून थंड झाला, ऊनपावसानं त्याचा वरचा भाग कुजला, त्याची माती झाली आणि मग त्या मातीवर दुसरा लाव्हा येऊन पसरला. खालची माती भाजली, विटेसारखी लाल झाली.

आता समजा, तुमच्या रानात हा तांबडा पट्टा चाळीस फुटांवर लागला. बांधापलीकडे, त्याच उंचीच्या रानात, तोच पट्टा सत्तर फुटांवर. मधले तीस फूट गेले कुठे? एक उत्तर असं, की थरच मुळात उतरता असेल. दुसरं, की तो पट्टा वेगळाच असेल. लाव्हाचे थर काही सतरंजीसारखे सगळीकडे सारखे पसरत नाहीत. आणि तिसरं उत्तर असं, की मधून जमीन तुटली आहे आणि एक बाजू तीस फूट खाली गेली आहे. हे तिसरं उत्तर म्हणजे विभंग. शाळेच्या पुस्तकातला प्रस्तरभंग. खडक नुसता तडकला तर ती भेग. तडकून दोन्ही बाजू एकमेकींना सोडून सरकल्या तर तो विभंग. पुढे बोलताना मात्र मी दोन्हींना भेगच म्हणणार आहे.

मुलांनो, दोन्ही तळहात एकमेकांना टेकवा आणि थोडे तिरपे धरा. हात ओढून दूर केलेत की वरचा हात खाली घसरतो. हा ताण. ताणानं जमीन खचते. आता उलट रेटा. वरचा हात खालच्यावर चढतो. हा दाब. दाबानं जमीन उचलली जाते. आणि हात न उचलता, न खचवता एक पुढे, एक मागे घासा, ही तिसरी चाल. जगातले डोंगर आणि खोरी घडवताना जमीन याच तीन चाली खेळते, कधी एकेक, कधी मिसळून. त्यांतली एक गोष्ट ध्यानात ठेवा. एके ठिकाणी उचल झाली की शेजारी कुठे तरी खळगा तयार होतो आणि डोंगर झिजून त्या खळग्यात जाऊन बसतो. डोंगराचा हिशेब नेहमी खळग्यासकट मांडायचा.

घोड समुद्राकडे पाठ का फिरवते?

आता आपल्या नदीकडे येऊ. घोड उगवते आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या उत्तरेला आहुप्याच्या डोंगरात. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं आणि समुद्र सरळ रेषेत जेमतेम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असतो. पण घोड तिकडे जात नाही. ती पूर्वेला वळते, डिंभ्याच्या धरणात थांबते, कुकडीला बरोबर घेते, शिरूरला आपलं नाव देते, इनामगावाशेजारून जाते आणि भीमेला मिळते. भीमा कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेत जाते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागरात. दारातला समुद्र सोडून हजार किलोमीटरहून लांबचा समुद्र गाठायचा, हा खटाटोप नदी कशासाठी करते?

पाणी उताराकडं जातं, एवढंच उत्तर देऊन भागत नाही. उतार तिकडे आला कसा, हा खरा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न आपल्याला कोकणाच्या पलीकडे, समुद्राच्या तळाशी घेऊन जातो.

आपली भूमी एके काळी एकटी नव्हती. मादागास्कर तिला चिकटलेलं होतं. ते सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटलं. पुढे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर लाव्हाचे लोट आले. आज झिजून उरलेला हा काळा कातळच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तुमची विहीर त्यातच आहे. आणि त्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्रातल्या थोड्या काळात, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, पश्चिमेकडचा आणखी एक तुकडा तुटून निघाला. आज तो हिंदी महासागरात सेशेल्स बेटं म्हणून पडलेला आहे. ती बेटं आणि आपला कोकण किनारा ही एकाच फाटलेल्या कापडाची दोन टोकं.

कापड फाटताना कडेला काय होतं? ताणानं कडेचा भाग खचतो आणि आतला काठ वर उचलला जातो. आपल्याकडेही तेच झालं. पश्चिमेची जमीन उत्तर-दक्षिण भेगांवरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेली. पूर्वेचा काठ उंच राहिला आणि पठार पूर्वेकडे कललं. त्या कलण्याबरोबर नद्याही पूर्वेला वळल्या. घोड, भीमा, कृष्णा, गोदावरी या त्याच जुन्या उताराच्या लेकी.

याचा पुरावा बघायला दूर जायला नको. आपल्याकडे देशावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. डोंगराच्या अंगावर ताटं रचल्यासारख्या आडव्या रेषा दिसतात. घाट उतरून पनवेलकडे गेलं की तेच थर पश्चिमेकडे वाकलेले दिसतात आणि मुंबईच्या टेकड्यांतही ते समुद्राकडे कललेलेच आहेत. १९४९ साली ऑडन या भूशास्त्रज्ञानं हे वाकण नोंदवलं. पनवेलचं वाकण म्हणूनच ते ओळखलं जातं. आणि कोकणातली उन्हाळी बघा. वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, उन्हवरे, मग थेट राजापूर. गरम पाण्याचे हे झरे विखुरलेले नाहीत, ते ओळीनं आहेत. पाणी खोल जाऊन तापून परत यायचं तर त्याला वाट लागते, आणि ती वाट भेगांची आहे.

म्हणून सह्याद्रीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याला आपण पर्वत म्हणतो तो खरं तर पठाराचा कडा आहे. दोन भूमी एकमेकींवर आदळल्या आणि सह्याद्री उभा राहिला, असं झालेलं नाही. भूमी तुटली आणि तुटलेल्या बाजूची कड उभी राहिली. कोकणातल्या आखूड, उतावळ्या नद्या गेली कोट्यवधी वर्षं ती कड कुरतडत पूर्वेला ढकलत आल्या आहेत. पूर्वेकडून बघा, सह्याद्री हळूहळू चढत जातो आणि एकदम संपतो. माळशेजच्या किंवा नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की हे पायांनाच कळतं. १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखरही असंच झिजून उरलेलं आहे.

आणि खळगा? मघाशी म्हणालो, हिशेब खळग्यासकट मांडायचा. सह्याद्रीचा खळगा समुद्रात आहे. पनवेलला वाकलेला काळा कातळ पुढे समुद्राखाली खोल गेला आणि त्याच्यावर गाळ नि चुनखडक साचत राहिले. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल लागलं, ते याच खळग्यात. त्याला आपण ‘बॉम्बे हाय’ म्हणत आलो. जमीन फाटली नसती तर हा खळगा पडला नसता, आणि खळगा नसता तर तेलही नसतं.

आमच्या वाट्याला काय आलं?

कोकणाला त्या भेगेमुळे पाऊस मिळाला. मुंबईला तेल मिळालं. घोडकाठाला काय मिळालं?

घोडकाठाला ऊन मिळालं. अरबी समुद्रावरून आलेले ढग त्या कड्यावर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, इथे, पाचशेच्या आतबाहेर. याला आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. शब्द फार गोड आहे. पण छाया म्हणजे सावली, आणि ही सावली दुष्काळाची आहे. ती ज्याची पडते तो कडा एका तुटण्यातून आलेला आहे. शिरूर-दौंडचा दुष्काळ हा नुसता हवामानाचा विषय नाही. त्याचं मूळ सहा कोटी वर्षांपूर्वीच्या भेगेत आहे.

आणि हे ज्यांनी अंगावर काढलं, त्यांची घरं तुमच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडली. १९६८पासून १९८३पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्या वृद्धांपैकी काहींनी त्या खड्ड्यांवर काम केलेलं असेल. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊ शतकं इथे वस्ती होती. आधी माळवा संस्कृतीची माणसं, मग जोर्वे संस्कृतीची. एखाद्या माणसाला रांजणासारख्या, चार पायांच्या मातीच्या भांड्यात पुरणारी, लेकरू गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवणारी ही माणसं. मुख्य पीक जव. जव का, तर कमी पाण्यावर येतो म्हणून. शिवाय त्यांनी पुराचं पाणी वळवण्यासाठी चर खणला, दगडामातीचा बांध घातला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पाटबंधारे! आज तुम्ही पाण्याच्या पाळीवरून जे भांडता, त्याची सुरुवात बरीच जुनी असावी.

इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास इथली मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार वाढली. ७००च्या सुमारास वस्ती उठली. ढवळीकरांचं मत असं, की हवामान कोरडं होत गेलं आणि शेतकरी पुन्हा भटका झाला. याच्या तपशिलावर अभ्यासकांत चर्चा चालू राहील. पण मला एवढं दिसतं, की ओल्या मुलखात पाऊस थोडा घटला तर माणूस कुरकुरतो. कड्याच्या सावलीत तो तेवढाच घटला तर माणूस गाव सोडतो. पाऊस घटण्याचं कारण कोणतंही असो, गाव आधीच काठावर बसलेलं होतं. त्याला तिथे त्या भेगेनं बसवलं होतं.

प्रत्येक वाकडी नदी म्हणजे भेग नव्हे

इतकं ऐकून कोणी म्हणेल, मग घोडेच्या काठावरचे हे उंच पिवळे गाळाचे कडे, ज्यात चुनखडीचे खडे सापडतात, तेही जमीन खचल्यामुळेच साचले असणार. इथे मी थांबवतो.

खचलेलं खोरं कसं असतं ते बघायचं तर विदर्भात जा. सातपुडा हा गुरुजींचा गट पर्वत; उत्तरेला नर्मदेची खचदरी, दक्षिणेला तापी-पूर्णेची, आणि मध्ये उंच राहिलेला सातपुडा. पूर्णेच्या खोऱ्यात जमीन खचत गेली, गाळ साचत गेला, आणि काही ठिकाणी तो चारशे मीटरच्या आसपास खोल आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाण पट्टा तो हाच. तिथे पाणी आहे, पण खारं. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा त्याहून कितीतरी जुन्या खचदरीतला, प्राणहिता-गोदावरीच्या. लाव्हा यायच्या आधी कोट्यवधी वर्षं ती दरी खचत होती, जंगलं गाडत होती.

घोडेचा गाळ यांच्यापुढे पातळ पापुद्रा आहे. दहा-वीस मीटर खाली गेलं की नदीच्या तळाशी काळा कातळ लागतो. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाळांचा आयुष्यभर अभ्यास केला. तो गाळ साचला, खणला गेला, पुन्हा साचला, याच्या मुळाशी प्रामुख्याने पावसाळ्याचे चढउतार आहेत, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. इनामगावच्या जुन्या गाळात प्राण्यांची जीवाश्म हाडंही मिळाली. आणि वर कुकडीवर, जुन्नर तालुक्यातल्या बोरीला, त्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख इथली नाही; सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची आहे. कोणत्या स्फोटाची, यावर वाद आहे. पण गंमत बघा, सुमात्रात ज्वालामुखी का आहेत? कारण हिंदी महासागराचा तळ तिथे सुमात्राखाली शिरतोय. तिकडचं खाली जाणं इकडे कुकडीच्या काठावर राखेच्या रूपानं लिहिलं गेलं.

गाळ दिसला किंवा नदीनं काटकोनात वळण घेतलं, की लगेच भेग शोधायची घाई करू नये, यासाठी मी हे सांगितलं. कोयना साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला सरळ जाते आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळते. तिथे भेगा खरोखर आहेत. पण तिथेही अंदाज चुकतात. १९७३ साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजण्यांवरून मांडलं, की काळ्या कातळाखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या गाडलेल्या आहेत. कल्पना देखणी होती. मग कोयना परिसरात खोल बोअर घेतले. गोठण्याचा बोअर तर तीन किलोमीटर खाली गेला. काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. खचदरीत साचावा तसा गाळ मधे नव्हता. विज्ञानात शेवटचा शब्द ड्रिलच्या टोकाचा असतो.

जमीन अजून थांबलेली नाही

आपण समजतो, हे सगळं फार पूर्वीचं. तसं नाही. आपला भूपट्ट आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकतो. हिशेब करा. या पांढरीवर पहिलं घर उभं राहिलं तेव्हापासून इनामगाव, नदीसकट, मडक्यांसकट, पुरलेल्या लेकरांसकट, जवळजवळ १८० मीटर ईशान्येला गेलं आहे. कुणाला कळलंही नाही, कारण सगळंच बरोबर गेलं.

पण पुढे वाट अडलेली आहे. ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आपली भूमी आशियाला भिडली आणि तिथला खडक चुरगळून, एकावर एक चढून हिमालय झाला. तो वली पर्वत. त्याच्या भारानं पुढची जमीन वाकली आणि गंगेचं मैदान झालं. तिथेही डोंगर आणि खळगा जोडीनं. त्या टकरीचा रेटा मागे, आपल्यापर्यंत येतो. ताणानं पडलेल्या जुन्या भेगा आता दाबाखाली आहेत. १९९७चा जबलपूरचा भूकंप नर्मदेच्या जुन्या भेगांच्या पट्ट्यातला. तिथे खडक चढला, खचला नाही.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. ६.२ तीव्रतेच्या धक्क्यानं लातूर-उस्मानाबादकडची सुमारे दहा हजार माणसं गेली. तोवर आपण मुलांना शिकवत होतो, की दख्खनचं पठार अढळ आहे. किल्लारीत एक बाजू दुसरीवर चढली. तिथे घेतलेल्या ६१७ मीटरच्या बोअरमध्ये काळा कातळ ३३८ मीटरला संपला आणि खाली जुना खडक लागला. भूकंपाची भेग वरून कुणाला दिसत नव्हती. काळ्या कातळानं ती झाकलेली होती. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ला कोयनेला ६.३चा धक्का बसला. तिथे धरणाच्या पाण्यानं आधीच ताणलेल्या भेगेला निमित्त दिलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे घाबरायचं का? नाही. किल्लारीत माणसं जमिनीनं मारली नाहीत. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरची मातीची जड धाबी कोसळून माणसं गेली. २०१६च्या भारतीय मानकात पुणे भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे. पट्टा बांधलेलं, कोपरे घट्ट केलेलं घर बांधायला त्यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

शेवटी एक मागणं मागतो. गुरुजींच्या नावानं हारतुरे पुष्कळ झाले. त्यांना आवडलं असतं ते सांगतो. दख्खनच्या काळ्या कातळाखाली काय आहे, याची माहिती सरकारी बोअर देतात, पण ते मोजके. तुम्ही मात्र दर उन्हाळ्यात शेकडो फूट खाली जाता. मशीन लागतं, धूळ उडते, पाणी लागलं की पेढे आणि नाही लागलं की शिव्या, आणि वर आलेला चुरा बांधावर पडून राहतो. त्या चुऱ्यात तुमच्या गावाचा सहा कोटी वर्षांचा जमाखर्च आहे. किती फुटांवर मुरूम संपला, मांजऱ्या कुठे लागला, तांबडा पट्टा कुठे, पाणी कोणत्या थरात, एवढंच लिहा. गट नंबर टाका, तारीख टाका. शंभर बोअरच्या नोंदी जमल्या की शाळेतली पोरं तांबडा पट्टा तांबड्याला जोडून गावाखालची रेघ काढतील. जिथे ती रेघ तुटेल, तिथे आधी शंका घ्या, मग पुन्हा मोजा, आणि तरीही तुटली तर एखाद्या भूशास्त्रज्ञाला बोलवा. पाणी कुठे मुरतं आणि कुठे अडतं, हेही त्याच वहीतून कळेल.

उद्या ज्याच्या रानात मशीन येणार असेल, त्यानं एक शंभरपानी वही आणि पेन्सिल घेऊन बांधावर उभं राहावं. वही गावच्या वाचनालयानं द्यावी, असं मी सभेच्या अध्यक्षांना सुचवतो.